आईच्या उशाशी

ती बहिरी होती, आंधळी नव्हती. एवढा साधा फरक लोकांच्या डोक्यात का शिरत नाही, हे तिला आजवर कळलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत ती भिंगं घासायची आणि केसभरही फट न ठेवता फ्रेममध्ये बसवायची. सगळे तिला भिंगवाली म्हणत. लहानपणच्या तापात तिचे कान गेले होते. दिवसा यंत्र लावलं की थोडंफार ऐकू यायचं, उरलेलं ती समोरच्याच्या ओठांवरून वाचायची. झोपताना मात्र यंत्र काढावं लागे, आणि मग कानाशी ढोल बडवला तरी तिला पत्ता नसे.

ठमी, तिची लेक, अजून पाळण्यात होती. रात्री ठमी रडली की नवरा भिंगवालीला कोपरानं ढोसायचा आणि कूस बदलून घोरायला लागायचा. पण तो कुरिअरच्या गोदामात कामाला होता आणि पुढल्या महिन्यापासून त्याला रात्रपाळी लागणार होती. मग ढोसणार कोण? भिंगवालीनं स्वतःच शोधून काढलं, की बाळांसाठी असा एक मॉनिटर मिळतो, ज्याची चकती उशीखाली ठेवायची. बाळ रडलं की ती चकती थरथरते. तिनं नवऱ्याला फोनवर चित्र दाखवलं.

"घेऊ की," तो म्हणाला. "मॉनिटर आईच्या उशाशी राहील. काळजीच मिटली."

आईच्या उशाशी! तिला तो आई म्हणाला होता, आणि तेही इतकं सहज. त्यानंतर भिंगं घासताना ती एकटीच गालातल्या गालात हसायची.

मॉनिटर घ्यायला दुकानात गेल्यावर नेहमीचाच तमाशा सुरू झाला. दुकानदार तिच्याकडे बघून हसला आणि बोलायला लागला नवऱ्याशी.

"यांना कसं समजावू?"

"तोंड माझ्याकडे करा आणि बोला," ती म्हणाली. "मूल माझंच आहे."

तो बिचारा ओशाळला. त्यानं फक्त आवाज पोचवणारे मॉनिटर दाखवले, कॅमेऱ्याचे दाखवले, शेवटी चकतीवाला काढला. तिनं चकती तळहातावर घेतली. ती अशी थरथरली, की तिच्या दंडापर्यंत मुंग्या आल्या. हाच घ्यायचा, तिनं मनात ठरवूनही टाकलं.

इतक्यात नवऱ्यानं तिच्याकडे पाठ केली आणि काउंटरवर रेलला. ही त्यांच्या घराण्याची जुनी खोड. तिच्यापासून काही लपवायचं असलं की दार लावायला नको, कुजबुजायला नको, नुसती पाठ फिरवायची. नणंद तेच करायची, दीर तेच करायचा. पण इथे काउंटरमागच्या फळीवर नमुन्याचा कॅमेरा चालू होता, आणि वरच्या मोठ्या पडद्यावर नवऱ्याचं तोंड परातीएवढं दिसत होतं.

"मग चकतीवाला देऊ ना?" दुकानदार विचारत होता. "आईच्या उशीखाली जातो."

पडद्यावरचे ओठ हलले. "नको हो. आई म्हणजे माझी आई. तिच्या खोलीत ठेवायचाय. हिच्या भरवशावर राहिलो तर पोर रडून रडून निळी पडेल, तरी हिला कळायचं नाही. साधा आवाजाचा द्या. फक्त हिच्यासमोर काही बोलू नका."

ओठांवर बाळ आणि माळ सारखेच दिसतात, तिथे ती कधीमधी फसायची. पण 'आई' म्हणताना ओठ मिटावेच लागत नाहीत. तो शब्द वाचायला ती कधीच चुकली नव्हती. चुकली होती ती फक्त कोणाची आई, एवढ्यातच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर निळी पडेल! ही भीती काय त्याला एकट्याला सुचली होती? दर रात्री यंत्र काढताना तिचा हात याच भीतीनं अडखळायचा. कुणाजवळ बोलली नव्हती ती. आणि यानं तीच भीती परक्या माणसासमोर अशी टाकली होती, जणू एखाद्या बिघडलेल्या मिक्सरची तक्रार सांगतोय.

"वळू नकोस," ती मोठ्यानं म्हणाली. "वर बघ. तुझं तोंड तिथे छान दिसतंय. बोल ना पुढे."

त्यानं वर बघितलं. पडद्यावरचा चेहरा खर्रकन उतरला. दुकानदार भलत्याच मन लावून काच पुसायला लागला.

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाईट वाटू नये म्हणून पाठ फिरवलीस? चकतीवाला द्या हो. आणि तू घरी चल. हेच तुझ्या आईसमोर बोल, माझ्याकडे तोंड करून."

घरी सासूबाई ठमीची दुपटी घडी करत होत्या. नवऱ्यानं चाचरत सगळं सांगितलं. त्यांच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं.

"माझ्या उशाशी? मला कुणी विचारलं?" त्या कडाडल्या. "तुम्हा तिघा भावंडांपायी माझ्या झोपेचं खोबरं झालं, ते कमी होतं? आणि रात्री मी झोपेची गोळी घेते रे! तूच आणून देतोस ना ती? मला कुठून जाग येणार होती?"

गोळीचं नवऱ्याच्या ध्यानातच नव्हतं. दोन्ही बायकांपैकी एकीलाही न विचारता त्यानं दोघींची झोप परस्पर वाटून टाकली होती.

तरी त्याचा हेका सुटेना. सुट्टीच्या दुपारी तो म्हणाला, "एकदा बघू तरी, जाग येते का." म्हणजे परीक्षा! इतके दिवस नुसतं ढोसणाऱ्याची कुणी परीक्षा घेतली नव्हती. पण तिनं यंत्र काढलं, चकती उशीखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रागाच्या भरात तिला झोपही गाढ लागली.

अचानक डोक्याखाली उशी थरथरली. ती ताडकन उठली, पाळण्यातून ठमीला उचललं आणि खांद्याशी घेतलं. रडण्यानं होणारी त्या इवल्या छातीची धडधड तिच्या गळ्याला जाणवत होती. सासूबाई दारापर्यंत येऊन थांबल्या होत्या. नवरा खुर्चीतून अर्धवट उठला होता, तोंड तिच्याकडे होतं.

"ऐकू आलं तुला?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "उठले."