गोड झालेली बिअर

दुबईत घरी दारू बनवणं गुन्हा, तरी तिथल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटमध्ये गुणवंतने चोरून बिअर बनवली. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भिजवताना पाणी जास्त तापलं, यीस्टला न पचणारी साखर उतरली आणि बिअर काकवीसारखी गोड झाली.

"ओतून टाक, खलास!" त्याची बायको मृणालिनी वैतागली.

त्याने बादली बाथरूममध्ये रिकामी केली, तसा आंबूस वास घरभर पसरला. तेवढ्यात बेल वाजली. एसी दुरुस्तीवाला आला होता.

"सापडलो तर नोकरी, व्हिसा, सगळंच जाईल," गुणवंत कुजबुजला आणि बाथरूममध्येच दडला.

मृणालिनीने दार उघडलं. "भैया, इडली का बॅटर गिर गया," ती हसत म्हणाली. तो मान डोलावून कामाला लागला.

गुणवंत आत दाराला पाठ लावून उभा होता. माणूस गेल्यावरही त्याला बाहेर यायचा धीर होईना.