नेलपॉलिशची खूण

आदिनाथची लाल गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तवाच मला कळलं की आवाज चुकीचा हाय. गाडी जागेवर उभी, पाय रेसवर न्हाई, अन् तरी इंजिन आपलं बोंबलतंय. दोन दारांची, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकायला आलेली परदेशी स्पोर्ट्स कार. दूधधंद्यातल्या पोराला ही कशाला लागती देव जाणे. गतिरोधक आला की हा बाबा गाडी तिरकी करून गोगलगायीवानी पार करतो.

"मामा, उभ्या गाडीत आरपीएमचा काटा अठराशेवर जातोय," आदिनाथ म्हणाला. "साडेआठशेला पाहिजे."

"काटा मला दिसतोय. डोळे अजून शाबूत हायेत."

मी दानीएल. संगमनेरात चाळीस वर्षं इंजिनं खोलतोय. पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, टेम्पो, समदं. तोंड फाटकं हाय, ते गावाला ठाऊक हाय. पण गेल्या अकरा महिन्यांत शिवीसुद्धा मनापासून निघत न्हाई. बोलायचं म्हणून बोलतो. माझी बायको मेरी ताट वाढती म्हणून जेवतो. भूक कशी असती तेच विसरलोय. आत काही हालतच न्हाई.

ह्याच गाडीपायी माझा पोरगा इमॅन्युएल घर सोडून गेला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ही हितंच उभी हुती. आदिनाथला पूजेला गाडी दारात पाहिजे हुती, हार घालून गावातनं फिरवायची हुती. इमॅन्युएलनं थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा जायची वाट, साफ केलं. त्याच्याखालचं गॅस्केट, म्हणजे फटीतनं हवा शिरू नये म्हणून बसवायची पातळ चकती, फुगलं हुतं. तो म्हणाला, "पप्पा, नवं पुण्यावरनं मागवतो. चार दिवस लागतील."

"दसरा तुझ्यासाठी चार दिवस थांबतो व्हय?" मी म्हणालो. चर्चच्या जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा काढला, कात्रीनं गॅस्केट कापलं, ग्रीस लावून बसवलं. असल्या पुठ्ठ्यांवर मी तालुक्यातले निम्मे पंप चालवलेत.

गाडी चालू केली तर काटा पंधराशेवर. आदिनाथनं तोंड वाकडं केलं. पुठ्ठ्यावर शंका घ्यायची म्हणजे माझ्यावर घ्यायची, ते मला कसं जमावं? मी म्हणालो, पोरानं आयडलिंगचा, उभ्या इंजिनाला हवा किती ते ठरवणारा, स्क्रू फिरवलाय. अन् आदिनाथच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवली. चोवीस वर्षांच्या पोराच्या.

तो एवढंच म्हणाला, "खूण बघा, पप्पा."

कामाला हात घालायच्या आधी स्क्रूवर अन् शेजारच्या धातूवर मिळून एक बारीक रेघ ओढायची त्याची सवय हुती. स्क्रू हालला की रेघ तुटती. त्यासाठी बहिणीची, एंजेलाची, गुलाबी नेलपॉलिश खिशात ठेवायचा. मी त्याला ब्युटीपार्लर म्हणायचो. त्या दिवशी मी खूण बघितली न्हाई. स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू आवळला, काटा खाली आला. मला वाटलं, मी जिंकलो. मेरी म्हणाली हुती, "नाचता येईना, अंगण वाकडं." दुसऱ्या दिवशी पोरगा सुप्याला कंपनीत गेला. आईला फोन करतो, मला न्हाई. मीबी केला न्हाई.

तर आता तीच गाडी. आधी रेसची केबल बघितली, कुठं अडकत नव्हती. मग पाण्याच्या नळीचा तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनभोवती फिरवलं. थ्रॉटलपाशी आलो तर फुसफुस. तिथं साफ करायचा स्प्रे मारला, इंजिनाचा आवाज बदलला. फटीतनं हवा ओढत हुतं बिचारं.

गार झाल्यावर चार बोल्ट काढले. पुठ्ठ्याचा पापड झाला हुता. एका तुकड्यावर रविवारचा लाल आकडा अजून दिसत हुता.

"हे काय, मामा?"

"कॅलेंडर."

"कुणी घातलं?"

पोराचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. तो काय हितं ऐकायला हुता?

"मी," म्हणालो.

खणात एक पार्सल पडून हुतं. इमॅन्युएलनं माझं न ऐकता नवं गॅस्केट मागवलंच हुतं, अन् तो गेल्यावर ते आलं. अकरा महिने मी ते फोडलं नव्हतं. आज फोडलं, बसवलं, गाडी चालू केली. बंद पडली. परत चालू केली, परत बंद पडली.

मग फडक्यानं स्क्रूवरची काजळी पुसली. गुलाबी रेघ निघाली. अर्धी स्क्रूवर, अर्धी धातूवर, मधी पाव फेऱ्याचा फरक. तेवढाच फेरा मी आवळला हुता, म्हणून फट बुजल्यावर इंजिनाला हवाच पुरत नव्हती. स्क्रू उलटा फिरवला, रेघ रेघेला मिळवली, अन् चावी मारली. काटा साडेआठशेवर आला अन् तिथंच थांबला.

पोरानं स्क्रूला हातच लावला नव्हता.

मी आदिनाथला म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी हुती. तुमच्या देखत मारलं, म्हणून तुमच्या देखत सांगतोय."

आदिनाथ खाली बघत म्हणाला, "मला सांगून काय उपयोग, मामा? त्याला सांगा."

लाज वाटली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. फोन लावला. त्यानं उचलला. मी फोन इंजिनाजवळ धरला. थोड्या वेळानं कानाला लावला.

"त्या लाल गाडीचं इंजिन हाय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"साडेआठशे?"

"साडेआठशे. स्क्रू तुझ्या खुणेवर हाय." मग म्हणालो, "चूक माझी हुती, इमॅन्युएल."

"ठाऊक हाय."

फोनात त्याच्या मागं कसली तरी मशिन धडधडत हुती. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

"पप्पा, जेवलात का?"

दुपारचे तीन वाजले हुते. मेरीनं दिलेला डबा सकाळपासून तसाच टेबलावर पडला हुता.

"न्हाई," मी म्हणालो. अन् म्हणता म्हणता कळलं, मला लई भूक लागलीय.