ड्रायव्हर सापडत नाही

प्रिंटर घरघरला, कागद अर्धवट ओढून अडला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा तीच पाटी उमटली: ड्रायव्हर सापडत नाही.

काकूंनी ती वाचून दाखवली, तसे खुर्चीतले काका खांदे गदगदा हलवत हसले. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. ड्रायव्हर सापडत नाही म्हणून अडलेल्या गाड्या त्यांनी काय थोड्या पाहिल्या होत्या? पण आता हसण्यापलीकडे त्यांच्या तोंडून काही निघत नसे. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि सगळ्या गावाच्या ओळखीचा तो आवाज गेला होता.

बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई मेलवर चित्रं पाठवायच्या. पाणी, उशी, खिडकी. काकू ती छापून, कापून काकांपुढे मांडायच्या. नवऱ्याचं बोलणं परत आणायचं तर या छपाईत खंड पडता कामा नये, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि कॉम्प्युटरनं रात्रीतून स्वतःला अद्ययावत काय केलं, तो जुन्या प्रिंटरची ओळख, म्हणजे त्याला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅमच, विसरला.

काकू वाचनालयात नोकरी केलेल्या. शोधून सापडत नाही असं काही नसतं, हा त्यांचा खाक्या. त्यांनी नेटवर शोधलं, तर सगळ्यात वर कंपनीसारखंच नाव आणि मदतीचा नंबर. फोन लावला. पलीकडचा माणूस लोण्यासारखा मऊ. त्यानं सांगितलेला प्रोग्रॅम काकूंनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. काकूंना कौतुकच वाटलं.

फोन स्पीकरवर होता. काकांची मान वर झाली. वाचून केलेली घोषणा आणि मनातलं बोलणं यातला फरक त्यांच्या कानाला कळत होता. हा माणूस वाचत होता. त्याच्या मागे कुणीतरी दुसरा हेच शब्द दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत होता. आणि बाण तर प्रिंटर सोडून भलतीकडेच शिरला होता. काकूंनी स्कॅन करून ठेवलेली ओळखपत्रं, बँकेची कागदपत्रं एकेक करून उघडत होता. काकांनी डावा हात टेबलावर आपटला.

"झालंच हं," काकू वळून न बघता म्हणाल्या. माणसानं नुकतंच बँकेचं पान उघडायला सांगितलं होतं.

"ठेव."

काकूंनी मागे पाहिलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ थरथरत होते. "ठेव," ते पुन्हा म्हणाले.

काकूंनी फोन ठेवला, भिंतीतून नेटची वायर उपटली आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या.

पुढचं सगळं लेकीनं दुरून फोनवर करून घेतलं. ती रागावली नाही. आधी बँकेला कळवायला लावलं, पासवर्ड बदलायला लावले. ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटर धुऊनपुसून दिला, ड्रायव्हर कंपनीच्या खऱ्या पानावरून घातला आणि प्रिंटरचा कारखान्यातून आलेला, जगजाहीर पासवर्डही बदलला. पैसे वाचले. कागदपत्रं मात्र कुणाच्या हाती लागली, ते कधीच कळणार नव्हतं.

चित्रं पुन्हा छापली जाऊ लागली. 'ठेव' हा शब्द मात्र परत आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. घाबरल्यावर एखादा शब्द निसटतो, बोलावल्यावर येईलच असं नाही.

काकूंनी मान डोलावली. पण एका दुपारी, काका पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत असताना, त्यांनी फोन उचलून कानाला लावला आणि लोण्यासारखं मऊ बोलायला सुरुवात केली. हो सांगते, लिहून घ्या, बँकेचा नंबर ना? तिरक्या नजरेनं त्या काकांच्या ओठांकडे बघत होत्या.

काकांना सोंग कळलं. त्यांनी ओठ हलवून पाहिले. मग डावा हात लांब करून फोन काकूंच्या कानापासून अलगद काढून घेतला, उशीशेजारी ठेवला आणि काकूंचा हात हातात घेतला, तो मात्र सोडला नाही.