निळ्या हातांचं कडवं

मित्रांनो, इलोनाबाईंच्या ज्या पत्राला नफ्तालींनी तीन वर्षं उत्तर दिलं नाही, ते माझ्याच फायलीत माझ्या अंगाला अंग लावून पडलं होतं. मी एक जुना, अर्धा फाटलेला कागद आहे.

जुन्या कैरोत चिंध्या कुटून मला घडवलं. मेवोराख नावाच्या कवीनं माझ्यावर हिब्रू प्रार्थनागीत लिहिलं. हाताळून हाताळून मी जीर्ण झालो. देवाचं नाव असलेला कागद आमचे ज्यू लोक जाळत नाहीत, सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, माळ्यावर ठेवतात. तिथे मी शेकडो वर्षं पडून होतो. त्या ढिगात कधीतरी माझे दोन तुकडे झाले.

पुढे यरुशलेमच्या ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक नफ्तालींनी मला वाचलं आणि विसरलेला मेवोराख पुन्हा लोकांना कळला. केवढं कौतुक झालं माझं! शेवटचं कडवं माझ्या हरवलेल्या खालच्या तुकड्यावर होतं; गीत अपुरं राहू नये म्हणून ते नफ्तालींनी स्वतः रचलं. आपल्या पुस्तकात तळटीपेत तसं लिहिलंही. दुसऱ्या आवृत्तीत ती टीप गळली आणि ते गप्प राहिले. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणानंतर लोक घरोघर ते कडवं मेवोराखचं म्हणून गाऊ लागले.

मग बुडापेस्टच्या ग्रंथालयातून इलोनाबाईंचं पत्र आलं. खालचा तुकडा तिथे सापडला होता. सोबत त्यावरच्या ओळींची नक्कल होती. कडा जुळतात का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

एके सकाळी कागद सांधणाऱ्या पुआबाईंच्या हाती ते पत्र लागलं.

"तीन वर्षं ताटकळत ठेवलंत हो त्या बाईला. एवढ्या काळात माणसं संसार मांडून मोडतात."

"लोक माझं कडवं गातात, पुआ. उद्या मला लबाड म्हणतील."

"गातात, कारण चाल बरी आहे. मेवोराखचं काय आहे, ते तर वाचा."

नफ्तालींनी हळूच वाचलं, "देवा, रंगारी बापाचे माझ्या, निळे हात आठव."

 पुआबाई म्हणाल्या, "तुमचं देखणं होतं. हे त्याच्या घरातलं आहे."

मित्रांनो, जुना कागद टाकण्याआधी एकदा वाचून पाहा. त्याची फाटकी जागा आपल्या शब्दांनी भरलीत, तर तसं मोकळेपणानं सांगा.

नफ्तालींनी माझं छायाचित्र पाकिटात घातलं. इलोनाबाईंना पत्रात लिहिलं, "कडा जुळतात. शेवटचं छापील कडवं मेवोराखचं नाही, माझं आहे." पाकीट चिकटवून ते स्वतः कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले आणि ते आत सोडून आले.