बाळाबाईच्या कमरेची मिश्रीची डबी

मी मिश्रीची डबी बोलतेय. बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, तेव्हा थोडं अडखळले तर सांभाळून घ्या.

मी जन्मले डोकेदुखीच्या मलमाची डबी म्हणून. नवी पेठेतून बाळाबाईनं मला आणलं. मलम संपलं तेव्हा तिनं मला राखेनं घासलं, तव्यावर तंबाखू जाळली, कुटली आणि माझ्यात भरली. तेव्हापासून बावीस वर्षं मी तिच्या कमरेला. शेजारणी दारात बसल्या की सगळ्यांची बोटं माझ्यात. मला त्याचा केवढा तोरा होता.

गेल्या वर्षअखेर बाळाबाईच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. दुसऱ्या खेपेनंतर तिचं तोंड आलं. गाल आतून सोलवटले, जिभेवर पांढरे चट्टे. दुधात कुस्करलेली भाकरीही गिळवेना.

"आत्याबाई, डॉक्टरला सांगू या की," सून सुकन्या म्हणाली.

"उष्णता हाय. सांगितलं तर सलाईन थांबवत्याल. मग मी जगती व्हय?"

पदर तोंडावर धरून ती बसून राहायची. सुकन्या आत गेली की मला काढायची आणि चिमूटभर मिश्री त्या सोललेल्या हिरड्यांवर चोळायची. डोळ्यांतून पाणी यायचं. थोड्या वेळानं तोंड बधिर व्हायचं. मला वाटायचं, मी तिच्या उपयोगी पडतेय.

तिसऱ्या खेपेला महेश्वरी नावाच्या नर्सनं टॉर्च लावून तोंड बघितलं. "मावशी, हे काळं काय लावलंय?"

बाळाबाईनं मला तिच्या हातात दिलं. महेश्वरीनं वास घेतला. "जखमेवर तंबाखू चोळताय तुम्ही?"

"जाळलेली हाय की. जाळल्यावर त्यातलं इख जळून जातंय."

"नाही जळत, मावशी. जाळली तरी ती तंबाखूच."

मी सुन्न झाले. बावीस वर्षं मीसुद्धा हेच खरं मानत आले होते.

सलाईन आठवडाभर पुढं गेलं. महेश्वरीनं समजावलं, "तोंड दुखलं की लगेच सांगायचं. लपवल्यानंच उपचार अडतो." डॉक्टरांनी लावायला औषध दिलं. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ, मऊ ब्रश, गार मऊ भात. तिखट बंद, मिश्री बंद.

सुकन्या मला फेकणार होती. "टाकू नको, हात लावणार न्हाय," असं बाळाबाई काकुळतीनं म्हणाली, म्हणून मी आतल्या मिश्रीसकट फळीवर आहे.

उद्या तिचं तोंड पुन्हा तपासणार आहेत. आता भर दुपारी सुकन्या गिरणीत गेलीय आणि बाळाबाईनं मला उचललंय. तिची नखं माझ्या झाकणाच्या कडेला लागलीत.

बाळाबाई, तुझ्या हातानं मी हजारदा मुकाट उघडले. आज माझ्यात असेल नसेल तेवढा जोर लावून झाकण आवळून धरलंय. तू जरा लवकर दमून जा, बाई.