डाव्या पायाचा क्लच

उस्तादाचा डावा पाय गेला तो सकाळी दात घासताना. पाय जागेवरच होता म्हणा, त्यातला जीव तेवढा निघून गेला होता. आख्खी हयात ट्रक हाकण्यात गेली, घाटात ब्रेक फेल झाला तेव्हा साधं खरचटलं नाही, आणि हा गडी पडला कुठं, तर न्हाणीच्या दारात. तोंडाला फेस, गळ्यात टॉवेल.

अर्धांगाचा झटका होता, पण जीव वाचला. डावा हातही हळूहळू वळणावर आला. पाय मात्र रुसलेल्या जावयासारखा बसून राहिला. मग त्याला दवाखान्यात अशा ठिकाणी हलवलं, जिथं माणसाला पुन्हा चालायला शिकवतात. लांबच लांब खोली, भिंतीला आरसे, आणि कोपऱ्यात एक लाकडी जिना. इकडून चढायचं, तिकडून उतरायचं, पोचायचं कुठंच नाही. उस्तादाला त्या जिन्याचा भारी राग.

"चढा," फिजिओ म्हणायचा.

"कशाला? माझं घर तळमजल्यावर आहे."

"बरं, मग हे चिमटे दोरीला लावा."

"ते बायको लावते. बरी लावते."

मोठे डॉक्टर वैतागून बायकोला म्हणाले, "हे अजिबात सहकार्य करत नाहीत."

"आमच्याशी तरी कधी केलंय?" बायको म्हणाली.

खरं दुखणं उस्ताद कुणाला सांगत नव्हता. त्याची गाडी विकायला निघाली होती. मुलानं गिऱ्हाईक बघितलं होतं, महिनाअखेर येऊन घेऊन जाणार. मुलाचंही चुकत नव्हतं, उभी गाडी गंजते. पण उस्तादानं डोळे मिटले की त्याला सीटचा तो खड्डा दिसायचा, त्याच्याच बुडाच्या मापाचा. डिझेलचा वास यायचा, पायाखाली थरथर लागायची. पूर्वी रस्त्यावर असताना घराची आठवण यायची, आता इथं पडल्या पडल्या रस्त्याची यायची. गाडी जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तिच्यात चढायचं होतं. आणि चढून नुसतं बसायचं नव्हतं. उशीखाली किल्ली उगाच नव्हती ठेवली.

तेवढ्यात पहिला फिजिओ बदलून गेला आणि एक बाई आली. अंगानं एवढीशी, आवाजानं दांडगी. तिनं चिमटे बाजूला सारले, स्टूल ओढलं आणि समोर बसली.

"काका, तुम्हाला काय करायचंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाय जरा सुधारला, तर पहिलं काय करणार?"

उस्तादानं मान वर केली. जीभ काढा, मूठ आवळा, कुशीवर वळा, इतक्या दिवसांत सांगणारे रग्गड भेटले होते. विचारलं कुणी नव्हतं.

"गाडीत चढणार," तो म्हणाला. आवाज असा फाटला की त्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

"आणि चालवणार?"

उस्तादानं बाजूचा एक चिमटा उचलला आणि दोरीला लावला.

"हे बघा काका, तुमच्या तळपायाला स्पर्श कळत नाही. चालवता येईल असं मी म्हणणार नाही. चढायचं मात्र बघू."

"चढव तर आधी."

बाई खरंच उस्तादाच्या घरी, गाडी उभी होती त्या आवारात गेली आणि पाय ठेवायच्या पट्टीची उंची मोजून आली. सुताराकडून तेवढा ठोकळा करून घेतला, वर चढायला एक खोकं, आणि भिंतीत धरायला उभी दांडी. मोठे डॉक्टर फेरीवर आले ते बघून थबकले.

"यांना काय गाडी देणार आहात चालवायला?"

"नाही सर, चढायला."

"जिना आहे की इथं."

"जिना त्यांना नकोय."

डॉक्टरांनी ठोकळा पायानं हलवून बघितला. पक्का होता. पुढच्या पेशंटकडं गेले.

मग उस्तादाला चेव चढला. बाई ओरडायची, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी!" हा घामानं निथळायचा, पायाला शिव्या घालायचा, परत चढायचा. बायको डबा घेऊन यायची आणि बाकावर बसून बघायची. तिलाही ते पाठ झालं. एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. गाडी फाटकातून बाहेर पडताना तेवढी बघायची. "एकदा तुला नेतो," तो दर वेळी वरून ओरडायचा, आणि धूळ खाली बसेपर्यंत ती उभी राहायची.

गिऱ्हाईक दुपारी येणार होतं त्या दिवशी सकाळीच सगळे आवारात जमले. मुलानं चाकांना दगड लावून ठेवले होते. बाईनं खोकं ठेवलं. उस्तादानं गाडीच्या दाराजवळची दांडी धरली, उजवा पाय टाकला, डावा ओढून घेतला, आणि हुश्श करून खड्ड्यात जाऊन बसला. खड्डा तसाच होता. हा मात्र वाळला होता.

"बाबा, किल्ली माझ्याकडं द्या," मुलगा खालून म्हणाला.

"राहू दे त्यांच्याकडं," बाई म्हणाली. "ते बघतील काय करायचं ते." आणि दार धरून तिथंच उभी राहिली.

उस्तादानं इंजिन चालू केलं. गाडी अंग झाडून उठली. थरथर बुडातून पाठीत गेली तसे त्याचे डोळे भरले. आता क्लच. त्यानं डावा पाय उचलून पुढं टाकला.

लागला का? काही कळेना. त्यानं खाली वाकून बघितलं. पाय क्लचच्या शेजारी, रिकाम्या जागेवर दाबत होता.

आयुष्यात त्यानं कधी पायाकडं बघून गाडी चालवली नव्हती. जो खाली बघतो त्याला समोरचं पोर दिसत नाही, हे त्यानंच कितीकांना दटावून शिकवलं होतं. तो सरळ झाला. काचेतून फाटकाकडं बघितलं. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"ही घे," मुलाला म्हणाला. "गिऱ्हाईकाला सांग, तिसरा गिअर जरा अडतो. दमानं घे म्हणावं."

मुलानं किल्ली घेतली. बायकोनं पदर खोचला.

"अहो, मी चढू का?"

बाईनं खोकं उचलून पलीकडच्या दाराशी ठेवलं. "चांगला पाय आधी," पुटपुटत बायको चढली आणि शेजारच्या सीटवर बसली. बसून इकडंतिकडं बघितलं.

"अगं बाई, किती वरून दिसतं हो! आणि मला म्हणायचात, कंटाळा येतो."

"यायचाच."

"कुठनं जायचात? सांगा तरी."

"फाटकातनं डावीकडं. मग पूल."

"हं. मग?"

"मग घाट. तिथं बोलायचं नाही, गप बसायचं."

ती गप बसली. उस्तादाचे हात स्टेअरिंगवर हळूहळू फिरत होते, एक वळण, दुसरं वळण. घाट संपल्यावर त्यानं चहाचं दुकान दाखवलं. तिनं खरंच मान वळवून बाहेर बघितलं.

असा कितीतरी रस्ता मागं पडला. दुपार झाली. फाटकाशी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. मुलगा काचेवर टकटक करून म्हणाला, "आई, ते आलेत."

"थांबायला सांग त्यांना," आई म्हणाली. "आम्हाला अजून पोचायचंय."