मंडळीचं पाणी

अंबडजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं अकराच. पण पाळक शांतवन यांनी तीन वर्षं आम्हाला असं जुंपलं, की रविवारची उपासना संपली रे संपली की हातात टोपली. माळावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी आम्ही चर खोदून देवळामागच्या, म्हणजे आमच्या चर्चमागच्या, विहिरीत जिरवलं. चर गेला रखमाजींच्या शेतातून, आणि ते काही आमच्या देवळातले नव्हेत. त्यांनी हूं की चूं केलं नाही. उलट दगड वाहायला ट्रॅक्टर दिला.

यंदा मे महिन्यात गावातल्या बोअर कोरड्या पडल्या आणि आमच्या विहिरीला दोन पुरुष खोल पाणी. मी हरखून गेले. पाळकसाहेब तेव्हा जालन्याला दवाखान्यात होते. फोनवर म्हणाले, "साधना, पाटी लाव. पाणी मंडळीसाठी आहे, घरटी दोन घागरी."

मी लाल रंगात तसंच लिहिलं. देवळात वाढलेल्या माणसाला मंडळी म्हणजे देवळाची माणसं. दुसरा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नाही, एवढी मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी रखमाजींच्या घरच्या सगुणाबाई घागर घेऊन आल्या.

"न्हाई मावशी, हे मंडळीसाठी हाय," मी म्हणाले.

"मंडळी म्हंजी समदेच की," त्या हसल्या.

"न्हाई. आमची. देवळाची."

त्यांनी दोर गुंडाळला, रिकामी घागर काखेत घेतली आणि गेल्या.

आठवड्याने पाळकसाहेब परतले. गावातलं कुणी विहिरीवर कसं नाही, म्हणून विचारू लागले. मी सांगितलं. त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"अगं, मी गावाला म्हणलो. सगळ्या मंडळीला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच रखमाजींकडे गेले, माफी मागितली. सगुणाबाईंनी तांब्या पुढे केला. टँकरचं पाणी होतं.

"राग न्हाई बाई," रखमाजी म्हणाले. "पर चर कालच बुजवला. तुमच्या मंडळीसाठी आमचं रान कशापायी?"

"आम्ही पुन्हा खोदतो. पाणी समद्यांचं."

"नांगरून टाकलं. मृगाला तिथं सरकी लावायची हाय."

मी तांब्या खाली ठेवून उठले. आता पाऊस कितीही झाला तरी माळावरचं पाणी ओढ्याला जाणार, आणि पुढच्या मेमध्ये आमचीही विहीर कोरडी. हे कुणी दुसऱ्याने नाही, मी केलं.